नळाला दिलेली मुलगी

लोक आपल्या मुली डॉक्टरला देतात, मास्तरला देतात, गेलाबाजार तलाठ्याला तरी देतात. मला नळाला दिलं. हे मी रागानं म्हणत नाही, घडलं तसं सांगते.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात माझे वडील चुलत्यांना बरोबर घेऊन स्थळ पाहायला गेले. मुलगा साखर कारखान्यात टर्नर. इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून तो बैठकीत बसला होता. वडिलांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, हातपाय धड आहेत एवढी खात्री करून घेतली आणि विचारलं, "नळ कुठंशी हाय?" होणाऱ्या सासऱ्यांनी त्यांना मागच्या परसात नेलं. भिंतीतून बाहेर आलेला पितळी नळ होता. वडिलांनी तो सोडला, ओंजळ धरून पाणी प्यायले, तोंड धुतलं आणि नळ बंद केला. असा बंद केला, की संध्याकाळी सासूबाईंना तो उघडेना आणि पक्कड आणावी लागली. ती पक्कड पुढे माझ्या संसारात फार वेळा निघाली. मी काही चुकले की सासूबाई म्हणायच्या, "नळाला पक्कड लावायला लावनाऱ्याची लेक ही!"

बैठकीत परत येऊन वडील म्हणाले, "देन्याघेन्याचं काय बी बोला. माझं येकच मागनं हाय. पोरीच्या डोक्यावर हंडा येता कामा नये." सासरे हसले. म्हणाले, "अवं पाव्हनं, आमच्याकडं हंडा फकस्त दिवाळीला घासायला काढत्यात. दिला शब्द." झालं, ठरलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "पोरगा कसा हाय?" वडील म्हणाले, "परसात नळ हाय." आईनं पुढे काही विचारलं नाही.

तिनं का विचारलं नाही, हे कळायला आमचं गाव पाहायला हवं. पाथर्डीच्या अंगाला, माळावर. चैत्र लागला की विहिरीच्या तळाशी डबकं उरायचं. मग गावातली एखादी हलकी पोर दोरानं खाली सोडायची, तिनं वाटीवाटीनं घागर भरायची आणि वरच्यांनी ती ओढून घ्यायची. बरीच वर्षं ती हलकी पोर मी होते. अंग भरलं तशी दुसरी पोर उतरायला लागली आणि मला बढती मिळाली, म्हणजे मी डोक्यावर वाहायला लागले. आमच्याकडच्या बायकांच्या टाळूवर, चुंबळ बसते त्या जागी, केस विरळ असत. माझेही होते. लग्नात मुंडावळ्या बांधताना माझ्या आत्यानं तिथं काजळ फासलं, फोटोत दिसू नये म्हणून.

थंडीत आईवडील ऊसतोडीला जायचे, ते नगर-मनमाड रस्त्याच्या बागायती पट्ट्यात. उसाची गाडी हाकताना वडिलांनी तिथल्या बायका पाहिल्या होत्या. त्या नळ सोडून घरात जात, शेजारणीशी गप्पा मारत, आणि परत येईपर्यंत नळ वाहतच असे. असल्या उधळ्या घरी आपली लेक पडावी, असं त्यांनी त्याच दिवशी मनाशी घेतलं असणार.

माझ्या सासरच्या गावाचं नाव मी सांगत नाही. प्रवरेचं पाणी पितं आणि कोल्हारपासून फार लांब नाही, एवढं पुरे. माणसं अजून आहेत आणि मला तिथं तोंड दाखवायचं असतं. मी लग्न होऊन गेले तेव्हा ते गाव शहर होत होतं. शहर व्हायची तिथं एक ठरलेली रीत होती. आधी कडुनिंब तोडायचा. मग त्या जागी विजेचा खांब रोवायचा. मग उन्हाळ्यात त्या खांबाच्या सावलीला चार माणसांनी एकामागे एक ओळीनं उभं राहायचं आणि गाव किती सुधारलं यावर बोलायचं. पेरूच्या बागा होत्या तिथं प्लॉट पडले. प्लॉट विकलेली माणसं बंडीऐवजी बुशशर्ट घालून हॉटेलात बसू लागली आणि पेरू बाजारातून विकत आणू लागली. गावाबाहेरून एक ओढा जायचा, त्यात पांढरे बगळे उतरायचे. नव्या वसाहतीची सगळी गटारं त्याला जोडल्यावर बगळ्यांनी आपलं आपण काय ते समजून घेतलं आणि ते गेले. ओढ्याला मात्र सगळे ओढाच म्हणत राहिले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दगडी बांधणीची विहीर होती. काठावर रहाट, आणि एका कोनाड्यात शेंदूर लावलेले सात खडे, म्हणजे साती आसरा. पाण्याच्या देवता या. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती पाणवठ्यावर, या आसरांची ओटी भरायला. आमच्या माळावरच्या विहिरीवरही त्या होत्या. तिथं पाणी नसायचं, पण आसरा असायच्या. इथं पाणीही होतं. मी पहिल्या दिवशी त्या विहिरीत वाकून पाहिलं तर हात दीड हातावर माझं तोंड दिसलं. मला वाटलं मी चुकून स्वर्गात आले.

नळ येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यामुळे विहिरीचं पाणी कुणी भरत नव्हतं. तिचं दुसरं काम सुरू झालं होतं. पहिल्यांदा तीत निर्माल्य पडलं. देवाची फुलं पाण्यातच सोडायची असतात, त्यात कुणी काय बोलणार? मग देवाचे जुने फोटो गेले. फोटो म्हटल्यावर चौकट आली, काच आली. मग संक्रांतीची फुटकी सुगडी गेली, तीही पूजेचीच. मग चुलीची राख, कारण राखेला अंगारा म्हणतात. तिथून पुढे मग कुणी कारणं शोधायचं बंद केलं. दाढीची पाती, औषधाच्या बाटल्या, सायकलचे टायर, एक दिवस मेलेलं मांजर. देवाच्या नावानं सुरू झालेला कचरा असा टप्प्याटप्प्यानं माणसांवर आला.

मी नवी सून. सुनेनं बोलायचं नसतं, आणि मला तर बोलायचं कारणही नव्हतं, मला नळ मिळाला होता. खरं सांगते, पहिले सहा महिने मी त्या नळापाशी वेड्यासारखी वागले. पाणी भरून झालं तरी तिथंच उभी राहायची. नळ ठिबकू लागला की खाली बादली लावायची, भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालायची. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "बघा, बघा, थेंब गोळा करती!" शेजारणी पदराआडून हसायच्या. गल्लीनं माझं नावच 'दुष्काळी' ठेवलं. "ए दुष्काळे, सासू हाय का घरात?" असं विचारत बायका आत यायच्या. मी हसून घ्यायची. टाळूवर केस येऊ लागले होते, एवढ्यावर मी कितीही नावं ऐकून घेतली असती.

नळाला पाणी भरपूर आणि ते जायला जागा नाही, अशी आमच्या गल्लीची तऱ्हा होती. घरातल्या मोऱ्यांतून ते रस्त्यावरच्या उघड्या गटारात यायचं, तिथं तुंबायचं आणि त्यावर डास व्हायचे. डासांचं मात्र सगळ्यांना कौतुक वाटे, कारण ते शहरात असतात. घरोघर नवे संडास बांधले गेले. त्यांचे खड्डे खणायला मोकळी जागा एकच होती, घरांच्या मागे, विहिरीच्या अंगाला. तिथं खणले. वर्षभरात विहिरीवरून जाताना लोक नाकाला रुमाल लावू लागले आणि विहिरीला नावं ठेवू लागले.

मग सासूबाईंनी एक काम केलं. गल्लीच्या कोपऱ्यावर पालिकेचा सार्वजनिक नळ होता, सिमेंटच्या चौथऱ्यावरचा. एका मंगळवारी सासूबाई आणि चार म्हाताऱ्या विहिरीच्या कोनाड्यातले सातही खडे ताटात घेऊन निघाल्या आणि त्यांनी ते त्या चौथऱ्यावर मांडले. नळाच्या मानेला हळदीकुंकू लावलं, हिरवा खण बांधला. मी विचारलं, "आत्याबाई, आसरा नळावर?" सासूबाई म्हणाल्या, "आसरा कशाच्या? पान्याच्या. पानी कुठं हाय? नळाला. मग आसरांनी काय घान वास घेत बसायचं व्हय तिथं?" यात चूक काढायला मला काही सापडलं नाही. त्या वर्षी गल्लीतल्या दोन बाळंतिणींनी सव्वा महिन्यानं नळाची ओटी भरली. ओटीतला नारळ संध्याकाळी कुणीतरी पळवला, पण तो विहिरीवरही पळवत असत.

आसरा हलल्यावर विहीर निराधार झाली. आमच्या वॉर्डाचे मेंबर एक दिवस आले, नाकावरचा रुमाल न काढता विहिरीत डोकावले आणि म्हणाले की गल्लीच्या तोंडाला ही घाण शोभत नाही, इथं सुशोभीकरण करू. सुशोभीकरण म्हणजे विहीर बुजवून वर कारंजं. पडक्या भिंतींचा मलबा येऊ लागला. रात्रीची जेवणं चालली होती. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून सासऱ्यांना म्हणाले, "मामंजी, विहीर बुजवू नगा म्हनावं. घान काढता येती. बुजवल्याली विहीर परत व्हत न्हाई." सगळे जेवायचे थांबले. सासूबाई म्हणाल्या, "दुष्काळी भागातली हाय. पानी बघितलं की हिचं डोळं फिरत्यात." आमचे हे म्हणाले, "अगं, वर भंडारदरा आहे. धरण आहे ते, तुमच्याकडचं डबकं नाही." आणि सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून अगदी मायेनं सांगितलं, "तू काळजी करू नको पोरी. मी तुझ्या बापाला शब्द दिलाय." मी वाढायला लागले.

कारंजं झालं. मधोमध सिमेंटचा बगळा, एक पाय वर घेतलेला, त्याच्या चोचीतून पाणी. ओढ्यातले खरे बगळे गेले होते, त्यांच्या बदली हा. उद्घाटनाला मंडप होता, भाषणं होती. कळ दाबल्यावर बगळ्यानं जी चूळ भरली ती थेट पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर. टाळ्या पडल्या. त्यानंतर तो बगळा दिवाळीला एकदा आणि मेंबरांच्या मुलाच्या मुंजीला एकदा चालला. एरवी त्याच्या वर घेतलेल्या पायावर लोक छत्र्या अडकवत.

बहात्तर साली पाऊस आला नाही. आमच्या माळावर तो येत नाहीच, पण त्या साली तो बागायती पट्ट्यालाही विसरला. गल्लीत आधी कुणी मनावर घेतलं नाही. धरण होतं ना. मग नळ दिवसातून एकदा येऊ लागला, मग एका दिवसाआड, मग त्याची धार करंगळीएवढी झाली. थंडी सरता सरता नळ सोडला की नुसती हवा यायची. सूं करून आवाज यायचा आणि शेवटी नळ खोकल्यासारखा दोनदा हालायचा. कोपऱ्यावरच्या नळापुढे हंड्यांची रांग लागली. आसरांपुढे उदबत्त्या लागल्या. एका काकूंनी नळाला नवस बोलून पाहिला. नळानं त्यांना तोच सूं ऐकवला.

आता गल्लीला माझी आठवण झाली. "अगं, तुमच्याकडं कसं करत्यात गं?" बायका यायच्या. डाळ धुतलेलं पाणी कशाला वापरायचं, भांडी राखेनं कोरडी कशी घासायची, ते विचारायच्या. दुष्काळे म्हणणं बंद झालं होतं, ताई म्हणू लागल्या होत्या. मी सांगायची. पण मनातून इतकी संतापलेली असायची की कधी कधी सांगता सांगता माझा आवाज चढायचा. भरलेली विहीर या लोकांनी डोळ्यांदेखत गाडली होती, वर बगळा बसवला होता, आणि आता मला युक्त्या विचारत होते.

मला तेव्हा सातवा महिना होता, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आमच्याकडची पक्की रीत. मी दिवस मोजत होते. पण माझ्या माहेरचा एक माणूस दुष्काळी कामावरून या बाजूला आला, तो आईचा निरोप घेऊन आला. दारातच उभा राहून, माझ्याकडे न पाहता त्यानं सांगितलं, "तुझी आय म्हनली, बाळंतपनाला येऊ नको. वाटीनं भरायला बी पानी न्हाई. तिकडं नळ हाय, तिकडंच बरं." मी आत जाऊन रडले. आईचा राग आला म्हणून नाही. 'तिकडं नळ हाय' हे ती कुठल्या भरवशावर म्हणत होती, ते आठवून रडले. इथला नळ कसा आहे, हे मी तिला कळवलंच नव्हतं. कोणत्या तोंडानं कळवणार होते? त्या नळासाठी तर तिनं मला दिली होती.

पालिकेचा टँकर येऊ लागला. तो मोठ्या रस्त्यावर थांबायचा, आमच्या गल्लीत वळायचा नाही, कारण वळणावर बगळा होता. सासूबाईंचे गुडघे गेलेले, आमचे हे कारखान्यात. म्हणजे हंडा कुणी आणायचा हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मी जुन्या साडीची चुंबळ केली. आठव्या महिन्यात पोट पुढे, हंडा वर, अशी मी त्या गल्लीतून यायची. सासरे ओट्यावर बसलेले असत. मी दिसले की ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरत. कधी कधी ते उलटं धरलेलं असे. मला त्यांची दया आली नाही. आता येते, तेव्हा नाही आली.

त्यातच बायकांनी टँकरच्या पुढच्या काचेला हळदीकुंकू लावायला सुरुवात केली. आसरा कुठं? पाणी तिथं. ड्रायव्हर ओरडायचा, "अवं बाई, काच सोडा, मला रस्ता दिसना!" शेवटी त्यानं टपावर एक जागा काढून दिली. आसरांना तीन वर्षांत तीन घरं बदलावी लागली, भाडेकऱ्यांना लागली नसतील इतकी.

अखेर सासऱ्यांनीच विषय काढला. एका सकाळी पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "विहीर उपसू." सगळ्या गल्लीला जणू तेच ऐकायचं होतं. आधी बगळा काढला. त्याचे पाय मोडले म्हणून मेंबर रुसले, पण पाणी त्यांच्याही घरी नव्हतं. मग पुरुषांनी खणायला घेतलं. मी ओट्यावर बसून पाहत होते. मला आता उभं राहवत नव्हतं, आणि डोक्यात एकच होतं, की हे पाणी माझ्या बाळाच्या आधी लागू दे.

मलबा निघाला. त्याखालून आमची घरं निघाली. टायर, बाटल्या, पाती, राख, सुगडी, काचा. सगळ्यात खाली देव. पुसट झालेले, चौकटीतून सुटलेले, चिखलात बसलेले. सासूबाईंनी त्यातला एक ओळखला, त्यांच्याच देव्हाऱ्यातला होता. त्यांनी तो पदरानं पुसून आडोशाला ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी खालून ओरड आली, "पानी! पानी लागलं!" गल्लीत नुसता कल्ला झाला. नारळ फुटला. सासऱ्यांनी पहिली बादली स्वतः ओढली आणि सरळ माझ्यापुढे आणून ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. "घे पोरी," ते म्हणाले.

बादलीतलं पाणी काळसर होतं आणि त्यावर साबणाचा फेस होता. पाऊस नाही, नदी नाही, आणि हे पाणी कुठलं? मी वास घेतला आणि तोंड फिरवलं. सासूबाईंनी वाकून वास घेतला. म्हणाल्या, "हे आपलंच हाय." मोऱ्यांचं, गटारांचं, खड्ड्यांचं. तीन वर्षांत जे जे सोडून दिलं होतं ते जमिनीखालून चालत बरोबर विहिरीत आलं होतं. कुणीतरी म्हणालं, उपसा करून बघू. दोन दिवस उपसलं. पाणी आलं, पण तेच आलं. विहिरीचे झरे सगळ्या गल्लीला ओळखू लागले होते.

मुलगी झाली ती त्याच आठवड्यात. टँकर तेव्हा तीन दिवस फिरकला नव्हता. घरात प्यायला अर्धा हंडा. सुईणीनं बाळाला ओल्या फडक्यानं पुसून घेतलं आणि ती सासूबाईंवर तडकली, "बाळंतिनीला आंघोळ न्हाई, पोरीला न्हाई, आन म्हनं हे शहर!" सासूबाईंनी एरवी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी खाली मान घालून बसल्या. मी बाजेवर पडून छताकडे पाहत होते. पोरीच्या अंगावर जन्माचा चिकटा तसाच सुकला होता, कुशीत घेतलं की हाताला लागायचा. मला वाटत होतं, वाटीभर तरी मिळावं. मी वाटीनं गावाला पाणी पाजलं होतं आणि माझ्या पोरीला वाटीभर मिळत नव्हतं. मी सगळ्या गल्लीला मनातल्या मनात इतके शिव्याशाप दिले, की त्यातले थोडे जरी लागले असते तर गल्ली राहिली नसती.

मुलगी झाल्याचा निरोप पाथर्डीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर गेला होता. त्यात मी एक वाक्य घातलं होतं, इतक्या दिवसांचं तोंडाशी आलेलं. 'नळ बंद आहे, म्हणावं.' पाचवी झाली, तीही कोरडीच. आणि नंतर एका दुपारी दारात वडील उभे राहिले. मांडीपासून खाली धोतर ओलं. खांद्यावर तांब्याची घागर, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं.

बाळंतपणानंतर माहेरून बाळंतविडा यायचा असतो. झबली, टोपरी, डिंकाचे लाडू, बाळंतिणीला लुगडं. वडिलांनी घागर माझ्या बाजेजवळ ठेवली आणि म्हणाले, "बाळंतविडा हाय. तुझ्या आयनं धाडलाय. दुसरं काय बी न्हाई जमलं." मग खाली बसून त्यांनी सांगितलं. आईनं स्वतः विहिरीत उतरून, रोजच्या हिश्शातलं मागे ठेवत ठेवत ते पाणी साठवलं होतं. एसटीत घागर त्यांनी मांडीवर घेतली, नगरला गाडी बदलली तरी खाली ठेवली नाही. गाडीतले लोक हसले होते. एक जण म्हणाला, "बाबा, बागायतीत पानी घेऊन कामून चाललात? साखर घेऊन जा की कारखान्याला!" वडीलही त्यांच्याबरोबर हसले होते. काय सांगणार?

सुईणीनं पाणी तापवलं. माझ्या पोरीला न्हाऊ घातलं, आमच्या माळावरच्या वाटीवाटीनं जमवलेल्या पाण्यानं, प्रवरेच्या काठी. पोर आधी दचकली आणि मग गप्प झाली. मी पाहिलं, सासूबाईंनी पाटाखाली परात सरकवली होती, न्हाणीचं पाणी मोरीत जाऊ नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही हसले नाही.

सासरे वडिलांसमोर येऊन बसले. "पाव्हनं, मी शब्द..." एवढंच म्हणाले. वडिलांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "तुमी तरी काय करनार," म्हणाले आणि हात धुवायला उठले. बाळाला घेण्याआधी हात धुवायचे, ही त्यांची जुनी सवय. ते सरळ मागच्या परसात गेले, तीन वर्षांपूर्वी गेले होते तसे. माझ्या बाजेवरून खिडकीतून ते दिसत होते. त्यांनी दोन्ही हात नळाखाली धरले, मग एका हातानं नळ सोडला. नळानं सूं केलं. ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले, ओंजळ धरून.

मग त्यांनी ओंजळ सोडली आणि नळ बंद केला. जोर लावून, गच्च पिळून बंद केला. खाली बोट धरून पाहिलं, ठिबकत तर नाही ना.

दारात सासूबाई उभ्या होत्या. पक्कडीचं त्या काही बोलल्या नाहीत.